पुन्हा तेच प्रश्न

माणसाच्या मनःस्थितीवरची पेनिनाची प्रश्नावली भरवशाची आहे की नाही, ते आता ठरणार होतं. सामोआतल्या आपल्या गावात पंधरवड्यानंतर त्याच माणसांना तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं. जुळली नाहीत तर वर्षभराची मेहनत समुद्रात, असं तिने पहिल्याच भेटीत लूपेमावशीला भाबडेपणाने सांगून टाकलं होतं. तेव्हा मावशीने सगळीकडे 'फार उदास'वर खूण केली होती; ऑकलंडला गेलेली लेक कित्येक वर्षांत फिरकली नव्हती.

आज पेनिना पोचली, तर लेक अंगणात, नातू मावशीच्या मांडीवर, ताटात नारळाच्या दुधातले गरम पाव आणि मावशीचं गाणं पार रस्त्यापर्यंत. पेनिनाने नाइलाजाने प्रश्नावली पुढे केली. आता कसली जुळतायत उत्तरं!

मावशीने गाता गाताच भराभर खुणा करून कागद परत दिला. पुन्हा सगळीकडे 'फार उदास'.

"अगं मावशी, हे काय? किती खूश दिसतेयस तू!"

 

"इतकी खूश आहे ना पोरी, की म्हटलं, आज तुझंही भलं होऊ दे!"