किती

हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या उबदार खोलीबाहेरच्या बाकावर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत तिने एकच शब्द टाइप केला, 'किती', आणि एंटर दाबलं. खाली ओळ उमटली: बाळ येणार, एक्केचाळीस दिवस.

काचेपलीकडे, पेटीत, बाळ झोपलं होतं. त्याला येऊन आठवडा उलटला होता.

डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा तिने हा प्रोग्रॅम लिहिला होता. एका कुशीवर पडल्या पडल्या, एका हाताने. तारीख दिली की उरलेले दिवस सांगायचा, बाकी काही नाही. सासूबाई रोज सकाळी चहा घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "आज किती म्हणतोय गं तो तुझा?" आकडा ऐकून मान डोलवायच्या, पाहुण्यांची गाडी कुठवर आली ते कळल्यासारखी. मग एका सकाळी एकच धावपळ उडाली, आणि पाहुणी न कळवताच येऊन थडकली.

"पुस ना ती ओळ," नवरा म्हणाला. त्याच्या हातातला कॉफीचा कप केव्हाच गार झाला होता. "आली ना आता ती."

"पुसते."

तिने पुसायची आज्ञा टाइपसुद्धा केली. एंटरवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

दार उघडून नर्स बाहेर आली. "आज तरी घेणार ना? काही करायचं नाही, नुसतं छातीशी धरून बसायचं. आईची ऊब मिळाली की बाळं लवकर सावरतात."

"उद्या घेते."

कालही ती हेच म्हणाली होती. नर्स गेली नाही, दारातच थांबली.

"मला नाही जमायचं," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "आत होती तेव्हा सांभाळता आली नाही. आता बाहेर काय सांभाळणार?"

नवऱ्याने कप बाकाखाली ठेवला.

बाकाच्या टोकाला सासूबाईंचा डोळा लागला होता, निदान तसं वाटत होतं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि वाकून स्क्रीनवरची ओळ वाचली.

"बरोबर सांगतोय की. पुसायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "आलीय कुठे अजून? नुसती डोकावलीय, माणसं कशी आहेत बघायला."

"आई, अगं समोर आहे ती."

"असू दे समोर. दिवस भरायचेत तिचे. तिथे नाही भरले, इथे भरतील." मग सुनेकडे वळून, अगदी घरातल्या आवाजात, "तू तिला जागा दे, बास."

तिने लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याच्या हातात दिला. ओळ तशीच राहिली.

आत खुर्ची मागे कलती केलेली होती. नर्सने नळ्या सांभाळत बाळ उचललं, तिच्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून मऊ कापड पांघरलं. उन्हात वाळलेल्या रुमालाएवढंच वजन, आणि तितकंच गरम. तिला आधी श्वास घ्यायचीच भीती वाटली. मग घ्यावाच लागला. तिची छाती वर गेली तसं बाळही वर गेलं, खाली आली तसं खाली आलं.

पडद्यातून दुपारचं पिवळट ऊन झिरपत होतं. यंत्राची टिकटिक लांब लांब जात, पाण्याखालून आल्यासारखी वाटायला लागली. बाळाने एकदा पाय पोटाशी ओढून घेतले आणि झाडले. ही लाथ तिच्या ओळखीची होती. इतके दिवस ती आतून लागायची, आता बाहेरून लागली, आणि मधली कातडी कोणाची, हे तिला नीटसं सांगता आलं नसतं. तिचे डोळे मिटत गेले.

बऱ्याच वेळाने नर्स आत आली. दोघी झोपल्या होत्या. दाराशी स्टुलावर सासूबाई चपला काढून, राखणीला बसल्यासारख्या बसल्या होत्या.

"पेटीत ठेवायला हवं," नर्स हलक्या आवाजात म्हणाली. "वेळ झाली."

"छे," सासूबाई म्हणाल्या, "अजून अवकाश आहे."