आतून कसा?

“यावर कुणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही, चेतना!” मुलुंडच्या गॅलरीत करवंदांचा द्रोण मांडीवर घेऊन कुंडलिकमामांनी सुरुवात केली.

चेतना त्यांची भाची. तिचा नवरा सम्यक गेल्या मे महिन्यात मागच्या डोंगरावर करवंदं काढायला गेला, तो परतलाच नाही. त्याचं झालं काय, एवढंच ती वर्षभर विचारत होती.

“करवंद तोडलं की तो विचारायचा, कोंबडा की कोंबडी? आतून लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. आणि जाळीच्या आतून कुणीतरी उत्तर द्यायचं. फोडून बघावं, तर एकदाही चूक नाही!”

मामांना रंग चढला होता. बोटांचा चीक त्यांनी लुंगीला पुसला.

“मग आवाजानंच विचारलं, ‘आणि तू रे? तू आतून कसा?’ गडी हसला गं! हसत हसत त्यानं जाळीत हात घातला. मग खांदा गेला, मग डोकं. काटे जरा हलले. आणि आतून आवाज आला, ‘कोंबडा.’”

चेतनाच्या तोंडातलं करवंद तसंच राहिलं.

“मामा, पोलिसांना तर तुम्ही सांगितलंत, त्या दिवशी तुम्ही डोंगरावर गेलाच नव्हता.”