नमुन्याचे खडे

चिमट्यातला हिरा थरथरायला लागला तसा काकूंनी तो पटकन पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवला आणि हात मांडीखाली दाबून धरला. हात थांबला.

हिरा एच होता. म्हणजे काकूंना तो एच दिसत होता. आता या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

त्या प्रयोगशाळेत हिऱ्याच्या रंगाला अक्षरं होती. डी म्हणजे पाण्यासारखा स्वच्छ. तिथून ई, एफ, जी, एच असं खाली उतरावं तसा पिवळेपणा चढत जायचा, तोही इतका पुसट की रस्त्यावरच्या माणसाला जन्मात दिसायचा नाही. एकच हिरा तिघं तीन टेबलांवर बघायचे, आपापल्या नमुन्याच्या, म्हणजे अक्षर आधीच ठरलेल्या, खड्यांशेजारी ठेवून. एकमेकांना विचारायचं नाही. अक्षर चिठ्ठीवर, चिठ्ठी पाकिटात, पाकीट साहेबांकडे. मतं जुळली नाहीत तर दोघांचं धरायचं.

आणि गेल्या दोन महिन्यांत काकू चार वेळा एकट्या पडल्या होत्या. हिऱ्याचा पक्का कागद, म्हणजे प्रमाणपत्र, छापून आला की कळायचं. बाकीच्या दोघांनी एफ म्हणावं आणि काकूंनी एच. दर वेळी त्यांनाच जास्त पिवळं दिसलेलं.

त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. धुतलेली पांढरी चादर हातात घेऊन ती म्हणायची, "ही पिवळी कशी पडली गं?" सगळे हसायचे. तीन वर्षांनी आई भिंत चाचपत न्हाणीघरात जायला लागली, आणि डॉक्टरांनी हात टेकले.

"अगं, एकदा दाखवून तरी ये," नवरा म्हणाला होता. "काही नसेल तर सुंठीवाचून खोकला गेला."

"आणि असेल तर?"

त्यानंतर काकूंनी तो विषयच काढू दिला नाही. डोळे गेले तर आपण कोण, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

सकाळी शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला नेहमीप्रमाणे चिडवत होता. "काकू, हिरे आहेत हो ते, भांडी नव्हेत! किती घासाल?" काकू रोज आल्या आल्या आपले दहा नमुन्याचे खडे स्पिरिटमध्ये धुऊन पुसून ठेवायच्या. ज्यांनी काम शिकवलं त्या बाईंची शिस्त. "माझेही घासून टाका ना, पुण्य लागेल," नवी मुलगी पलीकडून म्हणाली. दोघं फिदीफिदी हसली. एरवी काकूंनी चांगलं परतवलं असतं. आज त्यांना हसूच आलं नाही.

त्यांनी हिरा पुन्हा दिव्याखाली घेतला. डोळे मिटले, उघडले. एच. चिठ्ठीवर एच लिहिलं. मग त्या चिठ्ठीकडे बघत बसल्या. ही पाचवी वेळ. पाचव्या वेळी साहेब गप्प बसतील? अहो, कुणीही बसणार नाही. त्यांनी चिठ्ठी फाडून तुकडे पर्समध्ये टाकले, दुसरी घेतली आणि हिऱ्याकडे न बघता लिहिलं, एफ. पाकीट चिकटवलं. हायसं वाटलं. मग लाज वाटली. मग परत हायसं वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांचा निरोप आला.

संपलं, काकूंना वाटलं. साहेबांच्या खोलीपर्यंतची बारा पावलं त्या मोजत गेल्या. टेबलावर तीन डब्या उघड्या होत्या. तिन्ही टेबलांचे नमुन्याचे खडे. शेजारी चार छापील कागद.

"दार लावून घ्या," साहेब म्हणाले.

काकूंनी दार लावलं. "साहेब, माझे डोळे..."

"तुमचे डोळे कुठे आले मध्येच? चार गिऱ्हाईकं कागद परत घेऊन आलीत. आपण एफ म्हणालो, दुसरीकडे तपासलं तर म्हणे एच. हे घ्या, बघा." त्यांनी भिंग पुढे केलं.

काकूंनी पाहिलं. चष्मेवाल्याच्या आणि नवीच्या खड्यांच्या कडा करड्या झाल्या होत्या. चिमट्याचं काळं आणि हाताचं तेल, थरावर थर.

"महिनोन्महिने धुतलेले नाहीत," साहेब म्हणाले. "नमुनाच मळका, म्हणजे तोच जास्त पिवळा दिसणार. मग शेजारी ठेवाल तो हिरा उजळच! तुमचे तेवढे स्वच्छ. चारही वेळा तुम्ही बरोबर होतात, काकू. डोळे ठणठणीत आहेत तुमचे."

काकूंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरी होती. चांगली पांढरीशुभ्र. आधी नवऱ्याला फोन करायचा, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"आता शेवटची खात्री," साहेब म्हणाले. "आज सकाळचा हिरा मीच मुद्दाम पाठवला होता. पक्का एच, बाहेर तीन ठिकाणी तपासून आणलेला. त्या दोघांनी एफ लिहिलं. वर कळवायचंय मला, यापुढे मतं जुळली नाहीत तर दोघांचं नाही, तुमचं धरायचं म्हणून." त्यांनी ड्रॉवरमधून तिसरं पाकीट काढलं आणि चिकटवलेल्या तोंडात अंगठा घातला.

काकूंनी झटकन पाकिटावर हात ठेवला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मला एचच दिसला होता."