आपल्या हातचं मशीन

शफीनं शेवटचा स्क्रू काढला, मशीन उलटं केलं आणि तसंच धरून बसला.

आत तांब्याची तार दिसेल, तारेच्या थरांमधला कागद दिसेल, वार्निशचा वास येईल, असं त्याला वाटलं होतं. सतरा वर्षं त्यानं तेच केलं होतं. नागपूरच्या कारखान्यात खिडकीजवळच्या बाकावर बसून तो याच नावाच्या अँप्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळायचा. हा ट्रान्सफॉर्मर मात्र काळी राळ ओतून बंद केलेला होता. जळालाय, एवढं वासावरून कळत होतं. उघडायला जागा कुठंच नव्हती.

दुकानाच्या दारात गुलाबभाऊ उभे होते. गावच्या भीमगीत मंडळाचे ते मुख्य गायक. चौदा एप्रिल परवावर आली होती. पाच गावं ऐकायला येणार होती, आणि काल तालमीत तिसऱ्याच गाण्याला मशीन मुकं झालं होतं.

मंडळाचं जुनं मशीन बावीस वर्षं चाललं. त्याच कारखान्यातलं, तापून उजळणाऱ्या काचेच्या व्हॉल्वचं. दोनदा जळलं, दोनदा शफीनं नव्यानं तार भरून दिली. कारखाना बंद पडला, शफी नागभीडला परतून रेडिओ दुरुस्त करू लागला, तरी ते मशीन गात राहिलं. तिसऱ्यांदा मात्र आतला लोखंडी गाभाच गेला. मग कळलं, की त्या कंपनीचं नाव कोणीतरी विकत घेतलंय, नागपूरचा कारखाना उघडलाय आणि जुन्याच घाटाचं, व्हॉल्वचंच मशीन पुन्हा काढलंय. काचेमागे तोच नारिंगी उजेड, तीच गोल बटणं. चंद्रपूरच्या दुकानात असंच दिसणारं बाहेरच्या देशातलंही होतं, आणि ते स्वस्त होतं. मंडळातले काही जण तेच घ्या म्हणत होते. आवाजाला कुठं गाव असतं, असं त्यांचं म्हणणं.

गुलाबभाऊ सल्ला विचारायला आले, तेव्हा शफी बाकावरून उठून बोलला होता. आपल्याकडचं घ्या. उद्या जळलं तर मी उघडीन, तार भरीन, परत लावून देईन. बाहेरचं म्हणजे बंद डबा. बिघडला की फेकायचा. आणि मग त्यानं खरं कारण सांगितलं, जे तोवर अर्ध्या नागभीडला सांगून झालं होतं. त्याची लेक महेक आठ महिन्यांपासून त्याच कारखान्यात कामाला लागली होती. तार गुंडाळायच्या विभागात. अब्बा, तुमच्याच खिडकीजवळ बसते, असं ती फोनवर म्हणायची. त्या दिवशी शफीनं आपली जुनी पक्कड पुसून तिच्याकडे पाठवून दिली होती.

गुलाबभाऊंनी मग दुसरा विचार केला नाही. स्वतः नागपूरला गेले, कारखान्यातूनच मशीन घेतलं आणि छोट्या गाडीत मांडीवर धरून आणलं. महेक भेटली, बरी आहे, सलाम सांगितलाय. एवढंच ते म्हणाले होते.

शफीनं मशीन फिरवलं. मागच्या पत्र्यावर ‘मेड इन इंडिया’ अशी चंदेरी पट्टी होती. व्हॉल्वच्या धगीनं तिचा कोपरा सुटला होता. त्याचा अंगठा लागला आणि पट्टी अलगद वर आली. खाली पत्र्यातच ठोकलेली अक्षरं होती, त्याला न वाचता येणारी. त्यांच्याखाली इंग्रजीत वाचता येणारी. मेड इन चायना.

चंद्रपूरच्या दुकानातलं ते स्वस्त मशीन आणि हे, बहुतेक एकाच छपराखालून निघाली होती.

एखादा नग बाहेरून मागवला असेल, त्यानं स्वतःला समजावलं. घाईत असेल. पण मग महेक दिवसभर कसली तार गुंडाळते? हा प्रश्न त्यानं पुरता मनात येऊच दिला नाही. गुलाबभाऊंना सांगावं, तर ते मशीन घेऊन कारखान्याच्या दारात जाणार, आणि तिथं पहिली विचारणा होणार ती, कुणाच्या ओळखीनं घेतलं याची, म्हणजे नाव महेकचंच निघणार. न सांगावं, तर ज्या माणसानं आपल्या शब्दावर सारं मंडळ वळवलं, त्याच्याच तोंडावर खोटं बोलायचं. त्यानं पट्टी पुन्हा जागेवर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. गोंद धरत नव्हता. तो दाबतच राहिला.

गुलाबभाऊ आत आले, समोरच्या स्टुलावर बसले. होईल का, त्यांनी विचारलं. शफीनं मान हलवली. हे उघडतच नाही, तो म्हणाला. गुलाबभाऊंची नजर मशीनवर नव्हती, शफीच्या अंगठ्यावर होती.

“मशीन आपलंच हाये, गुलाबभाऊ,” शफी खाली बघत म्हणाला. “महेकच्याच हातचं असन. हा एकच नग खराब निंघाला.”

गुलाबभाऊंनी हात पुढे केला आणि शफीचा अंगठा हळूच बाजूला सारला. पट्टी त्यांच्या बोटाला चिकटून आली.

“तिच्याच हातचं हाये, शफीभाऊ,” ते म्हणाले. “हे पट्टी लावताना मी तिले पाह्यलं. तिनं माह्यासमोर हात जोडले, म्हनून काई न बोलता घेऊन आलो.”