ओळखीचा लांडगा

गाडीचं दार वाजलं तसा तांबडा लांडगा पळतच जवळ आला. इथिओपियाच्या त्या उंच, बोडक्या पठारावर श्रीरंगने त्याला लगेच ओळखलं. गेल्या साली डब्यातलं चिकन टाकून यालाच तर त्याने जवळ बोलावलं होतं. लांडगा थेट कॅमेऱ्यात बघतोय, अशा त्या फोटोला बक्षीसही मिळालं होतं.

त्याने कॅमेरा उचलला, तेवढ्यात वनरक्षक गेमेचूने सणसणीत दगड भिरकावला. लांडगा केकाटत मागे सरला.

"हात तोडीन तुझा," श्रीरंग त्याच्या अंगावर धावून गेला.

"याची मादी अशीच गाडीकडे धावली आणि ट्रकखाली गेली," गेमेचू म्हणाला. "आम्हाला हा घाबरतो, पाहुण्यांना घाबरत नाही. चिकन तुम्ही टाकलंत, आता दगडही तुम्हीच मारा."

श्रीरंगच्या हातातला कॅमेरा काढून घेत त्याने तिथे दगड ठेवला.

लांडगा पुन्हा पुढे येऊन बसला होता, फोटोतल्यासारखाच थेट बघत. श्रीरंगने हात उगारला, तशा त्याने जिभल्या चाटल्या.

श्रीरंगने नेम धरला.