कुशीवर वळून

"डोकं जरा उचला," म्हणत फिजिओथेरपिस्ट शेवडे मॅडमनी माझ्या बेंबीच्या वर दोन बोटं टेकवली.

मी श्वास रोखला. बाळ तीन महिन्यांचं झालं होतं. सुटलेलं पोट आत जावं म्हणून मोबाइलवर बघून मी रोज सिटअप्स काढत होते, आणि दर वेळी उठताना पोटाच्या मधोमध पावासारखा लांबट फुगवटा वर यायचा. गाठच असणार. आंघोळीच्या वेळी तिथे हात न्यायचीही भीती वाटायची. घरात बोलले नाही. फक्त सिटअप्स वाढवल्या.

मॅडमची बोटं आत रुतली. "गाठबीठ काही नाही हो. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधून फाकलेत. सिटअप्सनी आणखी ताण येतो, त्या आजपासून बंद. श्वास सोडत बेंबी आत ओढायची, टाच सरकवत पाय लांब करायचा, सध्या एवढंच. आणि सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून उठायचं."

मला हसूच फुटलं. "आमची आई मला आठवतं तेव्हापासून तशीच उठते!"

कोपऱ्यात बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई हसली नाही. मी टेबलावरून उतरले, तसं तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि पदर पोटावर ओढून घेतला.

"माझंही बघाल का?" तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "हिच्या वेळेपासून आहे. गाठ निघेल म्हणून कुणाला दाखवलंच नाही."

ती टेबलावर आडवी झाली. डोळे मिटून तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"डोकं जरा उचला," मॅडम म्हणाल्या.

आईचं डोकं उशीवरून उचललंच जाईना.