टाके घरच्या घरी

अमरावतीहून डॉक्टर होऊन आलेल्या प्रणालीच्या गळ्यातला हारही अजून निघाला नव्हता, तोच मंगेशदादानं बायकोला झिंज्या धरून फरफटत आणलं आणि तिच्यापुढं आदळलं. वहिनीची भुवई फुटून डोळा रक्तानं भरला होता.

"सत्काराच्या फोटोत पुढं पुढं करत होती हे. घाल टाके!"

"दादा, मी पोलिसाले बोलावीन!"

बाप पेढा चघळत खदाखदा हसला. "अवं, दवाखान्यात नेलं का डॉक्टर पोलिसाले कळवते. ते झंझट नोको म्हणून तं तुले डॉक्टर केलं!"

रक्त काही थांबेना. शेवटी प्रणालीनं सुई हातात घेतली.



वहिनी पुटपुटली, "ताई, तुमी नापास व्हाले पायजे होतं. पयले दवाखान्याच्या भेवानं जपून मारत होते."